नम्रताचे सहाशे चाळीस शब्द

लोधिवलीच्या नम्रताला दागिन्यांचा हेवा नव्हता, साडीचा नव्हता, जावेच्या दुमजली घराचाही नव्हता. म्हणजे अगदीच नव्हता असं नाही, घराचा थोडा होता. पण खरं पोटात दुखायचं ते खुर्चीवरून. तालुक्याच्या कोर्टात, जज्ज मॅडमच्या खाली डाव्या हाताला स्टेनोची खुर्ची असते. तिच्यावर तेजश्री नावाची पंचविशीतली पोर बसायची, डोक्यावर पंखा, समोर कॉम्प्युटर. आणि नम्रता बसायची कोर्टाबाहेर, पत्र्याच्या शेडखाली, प्लास्टिकच्या स्टुलावर. अशी अठरा वर्षं बसली. टाईपरायटर गेला, लॅपटॉप आला, केसात पांढरं आलं, स्टूल दोनदा मोडलं, पण दाराच्या आत काही ती गेली नाही.

तिचं काम काय, तर अर्ज, प्रतिज्ञापत्र, वकीलपत्र टाईप करून देणं. माणूस यायचा आणि आजोबांपासून सुरुवात करायचा. बांध कुणी कोरला, म्हैस कुणी सोडली, कोण कुणाला काय बोललं. नम्रताला त्यातलं नाव, गाव आणि वय एवढंच लागायचं. बाकी मजकूर तिच्याकडे तयार असायचा. 'अर्जदार हा निर्दोष असून त्यास सदर गुन्ह्यात खोटेपणाने गोवण्यात आलेले आहे.' मारामारी असो नाहीतर कोंबडीचोरी, वाक्य हेच. "तू सांग, मी बसवते," असं ती म्हणायची आणि माणूस सांगत असतानाच तिची बोटं भलतंच काहीतरी टाईप करायला लागायची. बसवणं हा तिचाच शब्द. वकीलसुद्धा म्हणायचे, नम्रताताई, जरा बसवून द्या. आणि ती झकास बसवायची, त्यात काही खोट नाही.

आता या बाईच्या डोक्यात स्पॅनिश कुठून शिरली, हे ऐकण्यासारखं आहे. लॉकडाऊनमध्ये कोर्ट बंद, शेड बंद, नवऱ्याची कंपनी बंद. स्वप्नील घरात बसून टीव्हीशी भांडायचा आणि नम्रता मोबाईलशी. तेव्हा कुणीतरी तिला सांगितलं की तिकडे अमेरिकेत कोर्टात अर्धी माणसं स्पॅनिश बोलतात, त्यांचे कागद घरबसल्या टाईप करायला माणसं घेतात. झालं. बाईने शोधून शोधून एक यादी काढली, कोर्टकचेरीत लागणारे स्पॅनिश शब्द. ते काम काही मिळालं नाही, तिकडून उत्तरसुद्धा आलं नाही. पण यादी राहिली. मुलीची उरलेली जाड वही घेतली, तीन रकाने आखले, आणि आठवड्याला तीनेक शब्द. न्यायाधीश म्हणजे हुएस. साक्षीदार म्हणजे तेस्तीगो. आरोपी आकुसादो, शपथ हुरामेंतो, जामीन फियान्सा. चार वर्षांत सहाशे चाळीस शब्द झाले. कुणी विचारलं नव्हतं, कुणी परीक्षा घेणार नव्हतं. पण टाईप करताना ती तोंडातल्या तोंडात ते शब्द घोळवायची आणि आत बसलेल्या तेजश्रीकडे बघायची. तुला हे येतं का गं भवाने, असं मनात म्हणायची. मग जरा बरं वाटायचं.

वकील लोक तिला सेन्योरा, म्हणजे बाईसाहेब, म्हणून चिडवायला लागले. स्वप्नीलने एकदा जेवताना विचारलं, "आमटीत मीठ कमी पडलंय, त्याला काय म्हणतात तुझ्या कोर्टात?" नम्रताने वही उघडून पाहिली. जप्ती होती, अपील होतं, जन्मठेप होती. मीठ नव्हतं. "कोर्टात मीठ लागत नाही," ती म्हणाली आणि ताट घेऊन उठली.

जानेवारीच्या एका सोमवारी शेडमध्ये दोन बाया आल्या. पळसदरीच्या धरणावर जी आदिवासी वाडी आहे तिथल्या. एक भागी, तिच्या नवऱ्याला, धाकलूला, पोलिसांनी चोरीत धरलं होतं. दुसरी तिच्यासोबत आलेली, चाळिशीची, हिरवं पातळ, नाव ललिता. पक्षी बघायला आलेल्या एका परदेशी बाईची पाठीवरची बॅग धरणाच्या वरच्या अंगाला गेली होती, आत मोठा कॅमेरा, आणि दुसऱ्या दिवशी ती बॅग धाकलूच्या झोपडीजवळ सापडली. जामिनाचा अर्ज करायचा होता. त्यांना सुनील वकील सरकारकडून मिळाले होते, त्यांनीच नम्रताकडे धाडलं होतं.

"नाव, गाव, वय सांग," नम्रता म्हणाली.

भागीने नाव-गाव सांगितलं आणि मग सगळंच सांगायला लागली. गवत, झाड, गाठ, असं काहीतरी. "ताई, आमच्यात रीत हाय," ती म्हणाली, "रानात कुनाचं काय गावलं का..."

"सांग तू, मी बसवते." नम्रताची बोटं चालू झाली होती. 'अर्जदार हा निर्दोष असून...' आणि जिभेवर नेहमीचं. फियान्सा, फियान्सा, फियान्सा.

तेवढ्यात ती दुसरी बाई, ती ललिता, पुढे वाकली. "आब्ला एस्पान्योल, सेन्योरा? दोंदे आप्रेंदियो?"

नम्रताची बोटं थांबली. चार वर्षांत पहिल्यांदा तिने हे कुणा जिवंत माणसाच्या तोंडून ऐकलं, आणि तेही कुणाच्या, तर वाडीवरच्या बाईच्या. त्यातलं 'सेन्योरा' आणि 'एस्पान्योल' तेवढं तिला कळलं. ललिता आणखी दोन वाक्यं बोलली, मध्येच हसली, पाणी वाहावं तसं ते तिच्या तोंडून वाहत होतं. नम्रताला एक अक्षर परत बोलता आलं नाही.

"तुला कुठून येतं गं हे?" तिने मराठीतच विचारलं.

ललिताने सांगितलं. पळसदरीला एक म्हातारी अर्जेंटिनाची बाई राहायची, मातीची भांडी करायची. तिच्याकडे ललिता अकरा वर्षं रांधायला होती. म्हातारीला मराठी येईना, ललिताला इंग्रजी येईना, मग कुणीतरी शिकायलाच हवं होतं. "ती गेली दोन सालामागं. आता बोलायला कुनी नाय," ललिता म्हणाली. "तुमचं ऐकलं, तं बरं वाटलं. म्हनून इचारलं, कुठं शिकलात."

"शाळा किती?"

"चौथी."

नम्रताच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. आपण रात्ररात्र वहीत तीन रंगांनी रेघा मारायच्या आणि हिला हे वांगी चिरता चिरता यावं! लगेच तिने मनाला समजावलं, की हिला ती रांधण्याची स्पॅनिश येते, आपली कोर्टाची आहे. मुद्दाम विचारलं, "फियान्सा म्हणजे काय?" ललिताने मान हलवली, नाय ठाव, नुसता आवाज वळखीचा वाटला. "हुरामेंतो?" तेही नाही. तेव्हा कुठे नम्रताच्या जिवाला जरा गारवा आला. भागीचं बोलणं तोवर संपलं होतं. अर्ज छापून झाला होता. "इथं अंगठा दे," नम्रता म्हणाली. भागीने विचारलं, गाठीचं घातलं का. नम्रता म्हणाली, सगळं घातलंय.

जामीन मंजूर झाला, पण जामीनदार मिळेना. ज्याच्या नावावर सातबारा आहे असा माणूस हवा, आणि अख्ख्या वाडीत कुणाच्याच नावावर जमीन नाही. त्यामुळे धाकलू आतच राहिला. इकडे ती परदेशी बाई, तिचं नाव इनेस, तिचं परतीचं विमान फेब्रुवारीच्या दहा तारखेला होतं. मग जज्ज मॅडमनी केस लवकर घेतली. साक्ष त्याआधीच नोंदवायची. प्रश्न भाषेचा आला. इनेसला स्पॅनिश येत होती आणि इंग्रजीचे चार शब्द. मुंबईहून येणाऱ्या दुभाष्याने आदल्या दिवशी कळवलं की जमत नाही. पुकारा देणारा शिपाई मोरू अधीक्षकांना म्हणाला, "आपली ती बाहेरची सेन्योरा आहे की." आणि सुनील वकिलांनी दुसरं नाव सुचवलं, ललिताचं.

साक्षीच्या दिवशी दोघींनाही बोलावलं. नम्रता लग्नातली साडी नेसून आली. लोधिवलीहून चौक, चौकावरून कर्जत, स्कूटीवर साडीचा पदर सांभाळत. वही पिशवीत, छातीशी धरलेली. अठरा वर्षांनी ती त्या दाराच्या आत शिरली. साक्षीदाराच्या पिंजऱ्याशेजारी एक लाकडी खुर्ची आणून ठेवली होती, दुभाष्याची. हात घासून घासून गुळगुळीत झालेल्या दांड्यांची साधी खुर्ची. नम्रताला ती खुर्ची इतकी हवीशी वाटली, की तिला स्वतःचीच लाज वाटली.

आत गेल्यावर काय बघते, तर ललिता आणि ती इनेस बाई बाकावर शेजारी शेजारी बसलेल्या. इनेस साठीची, उन्हाने तांबूस झालेली, हातवारे करत बोलत होती आणि ललिता मान डोलवत होती. मग दोघी एकदम हसल्या आणि इनेसने ललिताचा हात हातात घेतला. नम्रता जवळ जाऊन म्हणाली, "बुएनोस दियास." इनेसने हसून काहीतरी भराभर विचारलं. नम्रताला कळलं नाही, तिने नुसतीच मान हलवली. इनेस पुन्हा ललिताकडे वळली. तिचं ते वळणं नम्रताला तोंडात मारल्यासारखं लागलं. खुर्ची आता ललिताला जाणार हे आंधळ्यालाही दिसत होतं.

मग नम्रताने जे केलं ते तिने नंतर कुणाला सांगितलं नाही, स्वप्नीललासुद्धा नाही. सरकारी वकील व्हरांड्यात चहा पीत होते. त्यांच्याजवळून जाता जाता ती म्हणाली, "साहेब, ती ललिता आरोपीच्या वाडीतली आहे. वाडीत सगळ्यांचं एकमेकांशी नातं असतं. माहीत असावं म्हणून सांगितलं." बोलली त्यात एक शब्द खोटा नव्हता, बरं का. हेच तर वाईट. सरकारी वकिलांनी हरकत घेतली, मॅडमनी विचार केला, हरकत योग्य आहे म्हणाल्या. ललिताला मागच्या बाकावर बसायला सांगितलं आणि मोरूने पुकारा दिला, "नम्रता स्वप्नील ठोंबरे." स्वतःचं नाव त्या खोलीत ऐकून तिच्या अंगावर शहारा आला. तिने शपथ घेतली आणि खुर्चीत बसली. तेजश्री हातभर अंतरावर होती. नम्रताने तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

सुरुवात छान झाली. शपथ दिली, हुरामेंतो. आरोपीला ओळखता का, आकुसादो. तक्रार तुम्हीच दिली का, देनुन्सिया. शब्द वहीतून उठून जिभेवर येत होते. आरोपीच्या पिंजऱ्यात धाकलू उभा होता, बारकासा माणूस, हात मागे बांधल्यासारखे धरून. नम्रताला त्याच्याकडे बघायला सवड नव्हती. ती मनात म्हणत होती, बघ ललिता, बघ.

मग सरकारी वकिलांनी विचारलं, बॅग दुसऱ्या दिवशी कुठे आणि कशा अवस्थेत मिळाली.

इनेस बोलायला लागली. पोलिसांबरोबर ती स्वतः तिथे गेली होती, तिने स्वतः पाहिलं होतं, एवढं तिच्या चेहऱ्यावरून कळत होतं. ती बोलत राहिली, एक मिनिट, दीड मिनिट. नम्रताला 'पोलिसिया' कळला. 'आर्बोल' म्हणजे झाड असावं असं वाटलं. बाकी सगळं अंगावरून गेलं. त्यात कोर्टाचा एकही शब्द नव्हता. फांदी, पायवाट, गवत, हात, डोळे, जे काही असेल ते, जगातले साधे शब्द, आणि नम्रताच्या सहाशे चाळीसमध्ये त्यातलं काहीच नव्हतं. इनेसने दोन्ही हातांनी हवेत काहीतरी वळून दाखवलं आणि थांबली.

सगळे नम्रताकडे बघत होते. तेजश्रीची बोटं कीबोर्डवर तयार होती.

तेव्हा नम्रताने काय करावं? तिने बसवलं. पंचनाम्याची नक्कल तिनेच टाईप केली होती, वाक्य तोंडपाठ होतं. "बॅग आरोपीच्या झोपडीजवळ झाडात लपवून ठेवलेल्या स्थितीत मिळून आली," ती म्हणाली. जीभ अडखळलीसुद्धा नाही. तेजश्रीने टाईप केलं.

मागच्या बाकावर ललिता उभी राहिली. मोरूने खूण केली तशी परत बसली. नम्रताने तिच्याकडे पाहणं टाळलं, पण एक गोष्ट तिला टाळता येईना. वहीत लपवण्याला दोन शब्द होते, दोन्ही तिला पक्के येत होते. इनेसने त्यातला एकही उच्चारला नव्हता.

मॅडम म्हणाल्या, "त्या हाताने काय दाखवत होत्या?"

"झाड कसं होतं ते, मॅडम."

जेवणाची सुट्टी झाली. कागद छापून झाल्यावर सुट्टीनंतर साक्षीदार आणि दुभाषी दोघींच्या सह्या घ्यायच्या होत्या. नम्रता बाहेर शेडमध्ये आली, डबा उघडला, बंद केला. समोरच्या पायरीवर भागी आणि ललिता बसल्या होत्या. ललिता उठून तिच्याकडे येऊ लागली, तशी नम्रताने आधीच आवाज चढवला.

"हे बघ, मला शिकवायला येऊ नकोस. कोर्टातलं तुला काय कळतं?"

"नाय कळत," ललिता म्हणाली. "पन ती बाय म्हनली का बॅग फांदीला टांगली व्हती, वाटेवर, सगळ्यांना दिसंल अशी. आन् पट्ट्याला गवताची गाठ मारलेली. लपवली असं नाय म्हनली ती."

"माझं मी बघेन."

तेव्हा भागी उठली. तिच्या आवाजात राग नव्हता, असता तर बरं झालं असतं, नम्रताला भांडता आलं असतं. "ताई, तेच तं मी तुमाला सांगितलं व्हतं," ती म्हणाली. "रानात कुनाचं काय गावलं का आमी त्याला गवताची गाठ मारून टांगून ठेवतो. गाठ दिसली का कुनी हात लावत नाय, ज्याचं त्यो घेऊन जातो. त्यानं गाठ मारली व्हती ताई. मी सांगत व्हते, तुमी म्हनला, बसवते."

नम्रता स्टुलावर बसून राहिली. ललिताचा हेवा, तेजश्रीचा हेवा, त्या खुर्चीचा हेवा, या सगळ्याच्या तळाशी भलतंच काहीतरी निघालं. स्पॅनिश नाही आली, ठीक आहे. ती दीड मिनिटांची होती आणि परक्या मुलखाची होती. पण ही बाई याच शेडमध्ये, याच स्टुलासमोर, मराठीत बोलली होती, आणि तेसुद्धा तिने ऐकलं नव्हतं. धाकलूचे तीन आठवडे आत गेले होते.

सुट्टी संपली. तेजश्रीने कागद पुढे सरकवला. शेवटी ओळ होती, 'वरील जबानीचे मी स्पॅनिशमधून मराठीत खरे व पूर्ण भाषांतर केले आहे.' खाली रेघ आणि तिचं नाव, टाईप केलेलं. अठरा वर्षं तिला हेच हवं होतं, कोर्टाच्या आतल्या कागदावर आपलं नाव. हजारो माणसांना ती म्हणाली होती, इथं सही कर, त्यात वाचायचं काय. तिने पेन उचललं. सही केली तर संपलं होतं. इनेस चार दिवसांनी विमानात बसणार होती, मग कोण विचारतंय. ललिताला कोण विचारतंय.

तिने पेन खाली ठेवलं. "मॅडम, यातलं एक वाक्य माझं आहे."

"तुमचं म्हणजे?"

"साक्षीदार तसं बोलल्या नाहीत. त्या काय बोलल्या ते मला समजलं नाही. मी बसवलं."

मॅडमनी चष्मा काढला. "शपथ घेऊन तुम्ही हे केलंत. याचे परिणाम ठाऊक आहेत?"

"शपथपत्रं मीच टाईप करते, मॅडम. ठाऊक आहेत."

"मग या बाई काय म्हणाल्या हे आता कोण सांगणार?"

ते नाव नम्रताच्या तोंडून बाहेर पडेना, खरंच पडेना. "ती मागे बसलीय ती," ती शेवटी म्हणाली. "ललिता. तिला माझ्यापेक्षा चांगली येते."

सरकारी वकील उठले. "तिच्याबद्दल हरकत होती, मॅडम. आरोपीच्या वाडीची."

"ती हरकत मीच तुमच्या कानात घातली होती, साहेब," नम्रता म्हणाली. "ती इथे बसू नये म्हणून." आता सांगायचंच आहे, तर निम्मं कशाला ठेवा.

मॅडम बराच वेळ लिहीत होत्या. मग त्यांनी नम्रताला खुर्चीवरून उठायला सांगितलं, पण बाहेर जाऊ दिलं नाही. शेजारी उभी राहा म्हणाल्या. ललिता पुढे आली, तिने शपथ घेतली, आणि त्या गुळगुळीत दांड्यांच्या खुर्चीत बसली. बसली ती अगदी कडेवर, जणू कुणी उठवेल. मॅडम तिला म्हणाल्या, "साक्षीदाराला सांगा, त्या अजून शपथेवर आहेत."

ललिताने तोंड उघडलं आणि थांबली. अकरा वर्षांच्या रांधण्यात शपथ कधी लागली नव्हती. तिने मान वर करून नम्रताकडे पाहिलं.

गप्प राहायची एक छान संधी होती ती, आणि नम्रताला ती दिसली, हे सांगायलाच हवं. एक श्वासभर तिने ती धरूनही ठेवली. मग म्हणाली, "बाहो हुरामेंतो."

"बाहो हुरामेंतो," ललिता म्हणाली आणि पुढे तिचं ते पाणी वाहायला लागलं. इनेसने सगळं पुन्हा सांगितलं आणि ललिताने एकेक वाक्य मराठीत आणलं. ऐनाच्या झाडाची फांदी, पायवाटेला लागून, डोळ्यांच्या उंचीवर. पट्ट्याला ओल्या गवताची गाठ. कॅमेरा जसाच्या तसा. मॅडमनी विचारलं, गाठ कशी होती, दाखवता येईल? मोरूने फायलीची दोरी दिली. इनेसने ती बोटांवर घेतली, आठवून आठवून एक वेटोळं घातलं, टोक आतून काढलं आणि वर धरलं.

पिंजऱ्यातून बारीक आवाज आला. "उलटी मारली."

सगळे वळले. धाकलू त्या दोरीकडे बघत होता. केस चालू झाल्यापासून तो पहिल्यांदा आपणहून बोलला होता. सुनील वकिलांनी मॅडमकडे पाहिलं, मॅडमनी मान हलवली, मोरूने दोरी त्याच्या हातात दिली. धाकलूने ती सोडली आणि डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच नीट बांधली. इनेस हसली, मोठ्याने काहीतरी बोलली. "हीच, म्हनते ती," ललिता म्हणाली. "अशीच व्हती."

महिन्याभरात धाकलू सुटला. नम्रताला मॅडमनी समज दिली, पुढे काही केलं नाही. निकालाची नक्कल तिच्याच शेडमध्ये आली, तिनेच वाचली. तिचं नाव त्यात होतं, एकदाच. 'दुभाषी नम्रता ठोंबरे यांनी जबानीचा भाग समजला नसल्याचे स्वतःहून सांगितले.' ललिताचं नाव नऊ वेळा होतं. तिने मोजलं.

पावसाळ्यानंतर ललिता शेडमध्ये आली. जिल्ह्याच्या दुभाष्यांच्या यादीत नाव घालायचं होतं, अर्ज करून द्या म्हणाली. सुनील वकिलांनी सुचवलं होतं. आता, असाच एक अर्ज नम्रताच्या पिशवीत वहीच्या पुठ्ठ्यामागे चार वर्षं घडी घालून ठेवलेला होता, स्वतःच्या नावाचा, झकास बसवलेला. लायकी, अनुभव, सगळं. तिला वाटलं, आजारी आहे म्हणावं. लाईट गेलीय म्हणावं. पोटात तीच जुनी आग, तसूभरही कमी नाही.

"बस," ती म्हणाली. ललिता बसली.

नम्रताची बोटं सवयीने कीबोर्डवर गेली. 'अर्जदारास सदर भाषा उत्तम प्रकारे...' एवढं उमटलं. तिने ते खोडलं. लॅपटॉप थोडा बाजूला सरकवला आणि दोन्ही हात मांडीवर ठेवले.

"सांग," ती म्हणाली. "त्या म्हातारीकडे पहिल्या दिवशी गेलीस तिथपासून सांग. आणि सावकाश सांग, मी ऐकतेय."

"ती पयल्या दिशी मीठ मागत व्हती," ललिता म्हणाली, "आन् मला कळंना."

"मिठाला काय म्हणतात?"

"साल."

नम्रताने वही काढली आणि सहाशे एकेचाळीस आकडा घातला.